पूरियातली रेघ

रेघ पडद्यावर एक मिलिमीटरही जाड नव्हती. मी मोजपट्टी लावून पाहिले. आवाजाच्या चित्रात, शंभर हर्ट्झच्या उंचीवर, ती ध्वनिमुद्रण सुरू झाल्यापासून संपेपर्यंत सरळ गेली होती. माणसाच्या गळ्यातून अशी रेघ निघत नाही. सूर कितीही स्थिर लागला तरी चित्रात तो थोडा थरथरतोच. ती तानपुऱ्याचीही नव्हती. खर्जाची तार एकशेचारवर होती, या रेघेच्या जरा वर, आणि प्रत्येक छेडीला उजळून विझत होती. खालची रेघ उजळत नव्हती की विझत नव्हती. दोघी एकमेकींना इतक्या चिकटून होत्या की त्या दोन आहेत हे दोन वर्षांत आमच्यापैकी कोणालाही दिसले नव्हते.

हे मुद्रण पूरिया रागाचे होते. मी पूरियाचे दुसरे उघडले. रेघ होती. तिसऱ्यातही होती. मग मारव्याचे उघडले. नव्हती.

मी उठून खिडकीपर्यंत गेले आणि काहीच न पाहता परत आले. मग एकेक करून सगळी नव्वद मुद्रणे तपासली. त्याला जेवणाची सुट्टी आणि पुढचे दोन तास गेले. पूरियाची चव्वेचाळीस होती, त्रेचाळीसमध्ये रेघ. मारव्याची सेहेचाळीस, फक्त तीनमध्ये रेघ. आमच्या यंत्राने नव्वदपैकी चार ठिकाणी चूक केली होती. तीन मारव्यांना ते पूरिया म्हणाले होते आणि एका पूरियाला मारवा. तेच तीन आणि तोच एक.

आमचे काम असे होते: गाणे ऐकून राग कोणता हे संगणकाने सांगायचे. बहुतेक राग सोपे जातात. कोणते सूर घेतले, कोणते टाळले, कुठे किती थांबले याची मोजणी केली की नाव निघते. मारवा आणि पूरियाशी मात्र आमची मोजणी अडायची. दोघांचे सूर तेच सहा. पंचम दोघांतही नाही. मारवा कोमल रिषभावर आणि धैवतावर रेंगाळतो, पूरिया गंधारावर आणि निषादावर. पण गाणारा चांगला असेल तर तो हे इतके सरळ दाखवत नाही. दहापैकी सहा वेळा आमचे उत्तर बरोबर यायचे. मग आमच्या विभागप्रमुखांनी ठरवले की मोजणी बाजूला ठेवू, यंत्राला आवाजाचे अख्खे चित्रच देऊ, फरक त्याचा तो शोधू दे. त्याने शोधला. पंचाण्णव पूर्णांक सहा टक्के. प्रमुखांना आम्ही पाठीमागे दशांश म्हणतो, कारण त्यांच्या तोंडून पूर्ण आकडा कधी येत नाही. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना उभे राहून टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

ही नव्वदच्या नव्वद मुद्रणे माझ्या मावशीच्या घरची. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. वय एकाहत्तर, चाळीस वर्षे गाणे शिकवते. चौथ्या मजल्यावरच्या तिच्या दोन खोल्यांपैकी मागची गाण्याची. तिथे ती आणि तिच्या दोन जुन्या शिष्या आमच्यासाठी गायल्या, प्रत्येक राग त्याच्या वेळेला. मारवा सूर्य मावळताना, खिडकीतून उजेड येत असताना. पूरिया त्यानंतर. पहिल्याच दिवशी ती आम्हाला म्हणाली होती, "दिवा लावल्याशिवाय माझ्याकडे पूरिया नाही." वाक्य आम्हाला इतके आवडले की दशांशांनी ते मोठ्या अक्षरांत छापून आमच्या खोलीत माझ्या टेबलासमोर लावले होते.

मी त्या कागदाकडे बघत बसले. मागच्या खोलीतली ट्यूबलाइट जुनी आहे. लागली की तिचा चोक बारीक गुणगुणतो. पाच मिनिटांनी ते कोणाला ऐकू येत नाही, कानाला सवय होते. यंत्राला सवय होत नाही.

"तबलजी," मी शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाले, "इकडे ये जरा."

तबलजी आमच्याकडचा इंजिनिअर. मावशीच्या मुद्रणांना तबल्याची साथ त्याचीच आणि मायक्रोफोन लावणाराही तोच.

"काय मोडलं आता?" तो खुर्चीसकट घसरत आला.

मी त्याला रेघ दाखवली, मग माझी यादी. त्याने यादी दोनदा वाचली.

"ट्यूब?"

"ट्यूब. या तीन मारव्यांच्या वेळी काय झालं होतं, आठवतंय?"

"आभाळ आलं होतं. खोलीत दिसेना, म्हणून मीच लावली." त्याने शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. "आणि हा पूरिया म्हणजे स्टार्टर गेला होता तो दिवस. टेबलावरचा छोटा दिवा घेऊन बसलो होतो."

त्याने यादी खाली ठेवली.

"म्हणजे दोन वर्षं घासून," तो म्हणाला, "आपण दिवा लागलाय की नाही हे सांगणारं यंत्र बनवलं. पंचाण्णव पूर्णांक सहा टक्के अचूक. नुसतं मान वर करून बघितलं असतं तर शंभर टक्के आलं असतं."

"हसू नकोस."

"हसत नाहीये गं. रडायच्या आधी माझं असंच होतं." त्याने चष्मा काढून पुसला. "दशांशांना सांग. आत्ता, उठ."

"आधी खात्री करते."

"अजून कसली?"

"हा अंदाज आहे. पुरावा नाही."

"तुझं हे बरं आहे. पुरावा पुरावा करत महिना काढशील." तो खुर्ची मागे नेत म्हणाला. "मी तोंड उघडत नाही. रेघ तू शोधलीस, तूच सांगायचं. पण सांग."

पुराव्याचे मी खोटे बोलत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी चित्रांतून शंभरची रेघ पुसून पाहिली, तर यंत्र जवळजवळ सगळ्यालाच मारवा म्हणू लागले. पण रेघ पुसताना शेजारची खर्जाची तारही अर्धी पुसली जात होती. कोणीही म्हणाले असते, तानपुराच काढून घेतलात तर यंत्र गोंधळणारच. खरी चाचणी एकच होती. मावशीने त्याच खोलीत, त्याच तानपुऱ्यावर, ट्यूब न लावता पूरिया गायचा.

सांगितले असते तर ती गायलीही असती. पण कशासाठी, हे सांगावे लागले असते, आणि तिथेच माझे पाय अडखळत होते.

मावशीचा या सगळ्यावर सुरुवातीला काडीचा विश्वास नव्हता. यंत्राला ती ठोंब्या म्हणायची. "काय म्हणतोय तुझा ठोंब्या? सा कुठला ते तरी कळतं का त्याला?" तिच्याकडे तिच्या गुरुजींच्या सव्वीस टेपा होत्या. घरगुती बैठकींच्या, एका शिष्याने मुद्रित केलेल्या. डब्यांवर नावे नाहीत. गुरुजी रागाचे नाव सांगूनही गात नसत. या टेपा तिने कोणाला दिल्या नव्हत्या. मोठमोठे लोक मागून गेले, तिने दाराबाहेर जाऊ दिल्या नाहीत. आम्ही विचारले तेव्हा म्हणाली, "ज्या दिवशी ठोंब्या मारवा आणि पूरिया वेगळे ओळखेल, त्या दिवशी घेऊन जा. एवढं कळणारा कोणी असला तर गुरुजी त्याच्या हातात सुखरूप आहेत."

निकाल आला त्या दिवशी तिने स्वतः फोन करून बोलावले. टेपा पुसून, मोजून, दोन बॅगांत भरून ठेवल्या होत्या. त्या दिवसापासून ठोंब्याचे नाव तिने बदलले. कानसेन.

आठवड्याने मी तिच्याकडे गेले. संगणक पिशवीत होता. ऊन खिडकीच्या चौकटीवरून उतरून गेले होते.

"आज कशी उगवलीस? तीही रिकाम्या हाताने?" मावशी म्हणाली. "बस. चहा टाकते."

"राहू दे चहा. मावशी, एक पूरिया म्हणतेस? थोडासाच. दहा मिनिटं."

"अजून हवाय? चव्वेचाळीस झाले की."

"एक तपासायचंय." मी संगणक मुद्रणाला लावला आणि तानपुरा काढून तिच्या पुढ्यात ठेवला. "आणि ट्यूब नको लावूया."

"का?"

"डोळ्यांवर येतोय उजेड." हे पहिले खोटे.

"चष्म्याचा नंबर वाढला असेल. दिवसभर त्या पडद्यात तोंड खुपसून बसतेस." ती तारा जुळवायला लागली. "अंधारात पूरिया. बरं बाई. तू मागतेस म्हणून हो. दुसऱ्या कोणाला हाकलून दिलं असतं."

ती गायली. खोलीत तिचा चेहरा हळूहळू दिसेनासा झाला. खालच्या निषादावरून ती गंधारावर आली आणि तिथे बसली. घरी येऊन चप्पल काढून बसावे तसे. मला गाण्यातले मर्यादित कळते, पण एवढे कळते की हा मारवा नव्हता. मारव्याबद्दल मावशीच सांगते, की घर समोर दिसत असते आणि आत जाववत नाही. हे तसे नव्हते. ती आत होती. दहा मिनिटांची ती पंचवीस मिनिटे गायली. माझा पाय सतरंजीवर सारखा हलत होता. मी त्याच्यावर हात दाबून धरला.

मग पडदा उजळला. एकच ओळ. मारवा, खात्री सत्त्याण्णव टक्के.

"काय म्हणतोय कानसेन?" अंधारातून मावशीने विचारले. "ओळखलं ना?"

मी तिच्याकडे पाहिले. पडद्याच्या उजेडात तिचा एक गाल आणि तानपुऱ्यावरची बोटे दिसत होती. तिला उत्तराची काळजी नव्हती. ती परीक्षेला बसलीच नव्हती; ओळखीच्या माणसाने ओळख दाखवली का, एवढेच ती विचारत होती.

"पूरिया," मी म्हणाले.

"मग!" ती म्हणाली. "अंधारातसुद्धा."

दोन शब्द बोलून खरे सांगता आले असते. ते मी का सांगितले नाही याची बरीच कारणे नंतर जमवली. तिला वाईट वाटले असते. टेपा परत कराव्या लागल्या असत्या. तबलजीची दोन वर्षे, माझी दोन वर्षे. पण त्या क्षणी यातले काही डोक्यात नव्हते. ती विचारत होती आणि तिला हवे असलेले उत्तर माझ्या जिभेवर होते, एवढेच.

दुसऱ्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. काम उघडायचे, बंद करायचे, पाणी प्यायला जायचे, पाणी न पिता परत यायचे. आमच्या खोलीपासून दशांशांच्या दारापर्यंत एकतीस पावले आहेत. मी ती दिवसातून चारपाचदा चालत होते. एकदा दार वाजवलेही. त्यांनी आत बोलावले आणि मी प्रिंटरचा कागद संपल्याचे सांगून बाहेर आले. घरी कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या आणि घातलेल्या घड्या पुन्हा मोडल्या. कुठेही गेले तरी आधी वर बघायचे, दिवा कुठला आहे.

"महिना काढशील म्हणालो होतो," तबलजी म्हणाला. "दहा दिवस झाले."

"मोजतोयस?"

"तबलजी आहे. मोजण्याशिवाय काय येतं मला?"

"सोमवारी सांगते."

"कुठल्या सोमवारी?"

तो सोमवार आला. मी ठरवून एकतीस पावले चालले आणि दार वाजवले, तर दशांशच उठून दार उघडायला आले. हातात कागद होते. ते खुशीत होते.

"या, या. तुम्हालाच बोलावणार होतो. गुरुजींच्या टेपांचा पहिला निकाल आलाय." त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "आपल्या मोजणीत सव्वीसपैकी नऊ टेपांत हेच सहा सूर निघाले, म्हणजे मारवा नाहीतर पूरिया. आणि गंमत बघा. नऊच्या नऊ पूरिया! एकही मारवा नाही. खात्री सरासरी अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार."

 जुन्या टेपा, जुना टेपरेकॉर्डर. त्याच्या आतल्या विजेची घरघर प्रत्येक टेपेत असणार. शंभर हर्ट्झला, सरळ, न हलता.

"सर, या टेपा..."

"म्हणजे मोठा शोधच म्हणायचा," ते बोलत राहिले. "एवढा मोठा गवई आणि त्याने मारव्याला हातच लावला नाही. टेपांची सूची छापतोय, तिच्या प्रस्तावनेत हे मी मुद्दाम घातलंय. मावशींनाही काल मसुदा पाठवला, त्यांना आनंद होईल. यंत्राचा अहवाल आणि ही सूची दोन्ही शुक्रवारी छापायला जातील. सगळ्यांच्या सह्या झाल्या, तुमची तेवढी राहिली."

"मसुदा मावशीला पाठवला?"

"पाठवायला नको होता का?"

"तसं नाही." मी कागद हातात घेतला. "सर, सही करायच्या आधी मला एकदा सगळं पडताळायचंय."

"पडताळा की. तुम्ही पडताळलंत म्हणजे मी निर्धास्त." ते हसले. "पण शुक्रवार हं. छापखानेवाला माझ्या मानगुटीवर बसलाय."

ते वाईट गृहस्थ नाहीत. मी सांगितले असते तर त्यांनी ऐकले असते. त्यामुळे मला आणखीच पळ काढावासा वाटला. मी बाहेर आले तेव्हा तबलजी जिन्यात उभा होता. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि काही न विचारता आत गेला.

मावशीचा फोन येईल म्हणून मी वाट पाहिली. मसुदा वाचून ती चिडेल, तडकून बोलेल, आणि मग मला सांगणे सोपे होईल, असा माझा हिशेब होता. तिचा फोन आला नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. मी केला तर तिने उचलला नाही. गुरुवारी दुपारी मी कामावरून निघाले आणि चौथ्या मजल्यापर्यंत न थांबता चढले.

दार नुसते लोटलेले होते. आतून गाणे ऐकू येत होते. मागच्या खोलीत मावशी भिंतीला टेकून बसली होती आणि छोट्या कॅसेटवर गुरुजी गात होते. मूळ टेपा आम्हाला देण्याआधी तिने त्यांच्या प्रती करून घेतल्या होत्या. समोर मसुद्याचे पान होते, एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली. मला बघून तिने आवाज कमी केला, बंद केला नाही.

"ये," ती म्हणाली. "ही सातवी टेप. ऐक."

मी ऐकले. सूर रिषभावर लोंबकळत होता. षड्ज दिसत होता, त्याच्याकडे कोणी जात नव्हते.

"हा काय आहे, सांग."

"मावशी..."

"मला विचार. गुरुजी गेले तेव्हा मी तेहतीसची होते. मारवा त्यांनी मला अर्धाच दिला होता. उरलेला मी या टेपेवरून घेतला. दोन वर्षं रोज ऐकून. मग पोरींना दिला. किती पोरी असतील? शंभर तरी. आज त्यातल्या काही स्वतः शिकवतात." तिने पान उचलले. "आणि हा पूरिया आहे."

"तो पूरिया नाहीये."

"कानसेनला विचारून बोल. नऊच्या नऊ, लिहिलंय इथे." ती मला टोमणा मारत नव्हती. ती खरेच विचारात होती. "तीन दिवस हेच ऐकत बसलेय. पहिल्या दिवशी म्हटलं, मूर्ख आहे मेला. दुसऱ्या दिवशी वाटलं, नाही, त्याने मला अंधारात ओळखलं. आणि आज मला गंधार जास्त ऐकू यायला लागलाय. खरंच सांगते. ऐकू येतोय. मग आधी काय ऐकत होते मी?"

"मावशी, बंद कर ते."

"उद्या सगळ्यांना बोलावलंय, संध्याकाळी. सांगणार आहे, मी दिलेला मारवा विसरा. मला कळला नव्हता, मी तुम्हाला भलतंच दिलं. या वयात पुन्हा पहिल्या सुरापासून बसायचं म्हणजे..." ती हसली. "पण आपलं चुकलं तर चुकलं म्हणायला हवं. नाही का? तू तर शास्त्राची. तुला हे पटेल."

मी पुढे झाले आणि कॅसेट बंद केली. खोली एकदम रिकामी झाली. मी उभ्यानेच बोलायला लागले, कारण बसले असते तर पुन्हा राहून गेले असते.

"त्या दिवशी अंधारात तू गायलीस, तेव्हा ते मारवा म्हणालं होतं."

मावशीच्या हातातले पान तसेच राहिले.

"त्याला राग कळत नाही. तुझ्या डोक्यावरची ट्यूब गुणगुणते, ते ऐकतं ते. गुणगुण असली की पूरिया, नसली की मारवा. टेपांमध्ये जुन्या मशिनची घरघर आहे, म्हणून सगळा पूरिया. सातवी टेप मारवाच आहे. तू ऐकलंस ते बरोबर ऐकलंस."

"तुला कधी कळलं?"

"अठरा दिवस झाले. अंधारात गायला लावलं ते त्याचसाठी."

"आणि मी विचारलं, ओळखलं का, तर..."

"खोटं बोलले."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी लहानपणी तिच्याकडे गाणे शिकायला बसले होते, महिनाभर टिकले; त्यानंतर इतका वेळ तिने माझ्याकडे कधी पाहिले नसेल.

"म्हणजे तो बहिरा," ती म्हणाली, "आणि तू मुकी. छान जोडी जमली."

तिने मसुद्याचे पान खाली ठेवले.

"मी माझ्या कानांना बाद करायला निघाले होते गं. उद्या संध्याकाळी. शंभर पोरींसमोर." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तो ठोंब्या म्हणाला, ते सोड. त्याला काय कळतंय. तू सांगितलंस म्हणून मी मानलं. तुझ्या तोंडून."

"हो."

"हो काय?"

"माहितीये मला."

"काही माहिती नाही तुला." ती उठली, आत गेली, नळ सोडल्याचा आवाज आला, नळ बंद झाला. परत आली तेव्हा तिचा चेहरा ओला होता. पदराने तोंड पुसत ती खुर्चीत बसली, जमिनीवर नाही. "त्या तुझ्या साहेबांना ठाऊक आहे?"

"नाही."

"आणि हे उद्या छापायला चाललंय."

"माझी सही झाली की."

"कशाची वाट बघतेस मग? मी सांगू त्यांना? माझ्याकडे नंबर आहे त्यांचा. चांगलं तासेन."

"नको," मी म्हणाले. "मी करते."

फोन पिशवीच्या तळाशी होता. तो काढताना संगणकाची वायर, चाव्या, कालचा न खाल्लेला डबा असे सगळे बाहेर आले आणि सतरंजीवर पसरले. मावशी उचलायला वाकली नाही. मी नंबर लावला आणि तिलाही ऐकू जावे म्हणून स्पीकर सुरू करून फोन मधल्या स्टुलावर ठेवला. तीन वेळा वाजला. मला वाटले ते उचलणार नाहीत, आणि तसे वाटताच जरा हायसे वाटले, त्याची मला लाज वाटली.

"बोला!" दशांशांचा आवाज खोलीभर झाला. "अहो, तुम्ही दुपारपासून जागेवर नाही. तबलजीला विचारलं तर तो नुसता छताकडे बघतोय. सही करताय ना? छापखानेवाला उद्या सकाळी दहालाच येतोय."

"सर, मी मावशींकडे आहे. त्याही ऐकतायत."

"अरे वा! नमस्कार सांगा. मसुदा आवडला का त्यांना?"

मावशीने हाताची घडी घातली. तिने मला खूण केली नाही, मानही हलवली नाही.  

"हॅलो?" दशांश म्हणाले. "आवाज येतोय ना? किती वाजता येताय सहीला?"

"सही करणार नाही, सर," मी म्हणाले. "निकाल चुकीचा आहे. तो आपल्याला मागे घ्यायचा आहे."